रेडिओच्या तक्रारीची वही

सोमवार, ३ फेब्रुवारी

विमानं दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींनी आज स्पष्टच सांगितलं. "रेडिओ बिघडलाय असं येता-जाता तोंडी सांगू नका. तारीख, वेळ, कुठलं विमान, काय झालं, सगळं लिहून आणा. मग मी उघडून बघतो." म्हणून ही वही. तीस वर्षं मी लोकांना विमान चालवायला शिकवतो आहे आणि आता सत्तावन्नाव्या वर्षी मला गृहपाठ.

तर लिहितो. पिवळं विमान, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. टॉवरवरच्या बाईंचा आवाज तोंडाला रुमाल लावल्यासारखा येत होता. दोनदा विचारावं लागलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली, म्हणून त्या काय म्हणाल्या असतील ते मीच ठरवलं आणि उतरलो. काही बिघडलं नाही.

आज धुकं होतं. वर गेल्यावर ते सगळं खाली राहिलं आणि त्यातून फक्त पाण्याची टाकी आणि बेकरीची चिमणी एवढंच बाहेर दिसत होतं. बाकीचं गाव जणू अजून कुणी बांधलंच नव्हतं. धुक्यावर आमची सावली पळत होती आणि तिच्याभोवती एक फिकट रंगीत कडं. विद्यार्थी घाबरून सुकाणूच्या चाकाला घट्ट धरून बसला होता, त्याला मी ते दाखवलं. तो काहीतरी बोलला. छान म्हणाला असणार.

मेस्त्रींना या सावलीचा काय उपयोग. पण वही माझी आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

निळं विमान, सकाळी नऊ. तोच प्रकार. म्हणजे बिघाड पिवळ्या विमानात नाही, दोन्हीत आहे. किंवा टॉवरच्या यंत्रात आहे. माझं मत असं की यंत्र ठीक आहे, बाईच पुटपुटतात. आधीचे टॉवरवाले निवृत्त झाले त्यांचा आवाज ढगाला भोक पाडेल असा होता. या नव्या बाई बारीक आवाजात, घाईघाईने, शब्दांच्या कडा घासून टाकल्यासारखं बोलतात.

आज ठकी होती. ठकी म्हणजे माझी भाची, ताईची मुलगी, वय तेवीस. घरी मला मामा म्हणते, विमानांच्या मैदानावर सर. खरं नाव चारचौघांत घेण्यासारखं चांगलं आहे, पण लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून मीच ठकी म्हणू लागलो. विमानातही तशीच ताठ बसते. मी रेडिओच्या आवाजाची कळ शेवटपर्यंत पिळली तर म्हणते, "मामा, माझ्या कानाचे पडदे फाटतील." आजकालच्या मुलांना काही सोसत नाही.

टपालाच्या विमान कंपनीकडून तिला पत्र आलं आहे. या मार्चअखेर लायसन्स हातात असेल तर सहवैमानिकाची जागा तिची. परीक्षा अकरा मार्चला. त्याआधी एक लांबचं उड्डाण माझ्याबरोबर करायचं राहिलं आहे. ताईने मला बजावलंय, "तिचं काही चुकलं तर आधी मला सांग, तिला नको." म्हणजे ओरडा मी खायचा.

रविवार, ९ फेब्रुवारी

सुट्टी. घरच्या फोनलाही तोच रोग लागला आहे. ताईचा फोन होता, अर्धं बोलणं खरखरीत गेलं. वहीत नोंद करतो, जरी मेस्त्री फोन दुरुस्त करत नसले तरी.

एक गोष्ट लिहायला थोडं लाजल्यासारखं होतं. आमच्या हिला अलीकडे माझे लाड सुचताहेत. काही बोलायचं असलं की आधी जवळ येते, माझ्या कोपराला हात लावते, मी वळून बघेपर्यंत थांबते, मगच बोलते. आधी स्वयंपाकघरातूनच अख्ख्या घराला ऐकू जाईल अशी हाक मारायची. लग्नाला एकतीस वर्षं झाली. एवढी माया तेव्हा नव्हती.

दुपारभर खुर्चीत पडून खिडकीतून आभाळ बघत होतो. घर कधी नव्हतं इतकं शांत होतं. नळसुद्धा ठिबकत नव्हता.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज ठकीची माझ्या पद्धतीने परीक्षा घेतली. माझी पद्धत सगळ्या मैदानाला माहीत आहे आणि सगळे तिच्या नावाने बोटं मोडतात. वर गेल्यावर मी न सांगता एखादी गोष्ट बिघडवतो. कधी उंचीच्या काट्यावर कागद चिकटवतो, कधी एखादा खटका गुपचूप खाली करतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. विद्यार्थ्याच्या ते कधी लक्षात येतं हे बघायचं. लक्षात आलं आणि त्याने सांगितलं की मी शाबास वगैरे म्हणत नाही, नुसती मान हलवतो. मान हलली म्हणजे पास. विद्यार्थी एकमेकांना विचारतात, "आज किती माना मिळाल्या?"

आज मी ऑल्टरनेटर बंद केला. इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी भरत ठेवणारं यंत्र ते. बंद पडलं की अ‍ॅमीटरची बारीक सुई मध्यापासून डावीकडे पडते, आणि बॅटरी संपेपर्यंत बाकी सगळं अगदी ठणठणीत चालू असतं. म्हणून तर ते धोक्याचं. जुन्या वैमानिकांनाही पाच-पाच मिनिटं कळत नाही. ठकीने माझ्याकडे वळून सुईवर बोट ठेवलं, मी घड्याळ पाहिलं तर दहा सेकंद झाले होते. मी मान हलवली. ती इतकी खूश झाली की पुढचं वळण वाकडं घेतलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

वार्षिक वैद्यकीय तपासणी. डोळे, रक्तदाब, गुडघे, सगळं ठीक. कानाची तपासणी म्हणजे डॉक्टर पाठीमागे उभे राहून हळू आवाजात आकडे म्हणतात आणि मी ते परत म्हणायचे. गेली कित्येक वर्षं तेच तीन आकडे: सत्तावीस, एकोणसाठ, चौऱ्याऐंशी. मी फाडफाड म्हणून दाखवले. डॉक्टरांनी शिक्का मारला. ते म्हणाले असावेत की पुढच्या वर्षी भेटू.

मेस्त्रींना हा शिक्का दाखवायला हवा. त्यांना वाटतं मीच काहीतरी कुरकुर करतो.

बुधवार, २६ फेब्रुवारी

मेस्त्रींनी वही दोन दिवस ठेवून घेतली होती. आज परत दिली. तिन्ही विमानांचे रेडिओ त्यांनी उघडून, साफ करून, तपासून बसवले म्हणे. वहीत मी लिहिलेल्या विमानांच्या नावांखाली त्यांनी पेन्सिलने बारीक रेघा मारल्या आहेत. पिवळं, निळं, म्हातारी म्हणजे आमचं तिसरं, सगळ्यात जुनं विमान, आणि घरचा फोन. चारही.

"रेडिओ चांगले आहेत," ते म्हणाले. अगदी माझ्या समोर उभं राहून, माझ्या तोंडाकडे बघत. "तिन्ही."

"मग बिघाड कुठे आहे?"

ते हात पुसत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही शोधा. वही तुमच्याकडे आहे." आणि विमानाखाली शिरले.

मेस्त्री माणूस चांगला आहे पण चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावात नाही.

शनिवार, १ मार्च

पहाटे स्वप्न पडलं की मी विमानाशिवाय उडतो आहे. हात पसरले नव्हते, नुसता खुर्चीत बसल्यासारखा हवेत बसलो होतो. खाली आमची गल्ली, दोरीवर वाळणारे कपडे, कुणीतरी सायकल ढकलत चाललेलं. सगळी माणसं तोंड वर करून माझ्याशी बोलत होती आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, पण त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. जाग आली तेव्हा ही चहाचा कप घेऊन खाटेशी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. चहावर साय धरली होती.

मंगळवार, ४ मार्च

नीट क्रमाने लिहितो.

सकाळी पावणेनऊला ठकीला घेऊन निघालो. निळं विमान. लांबचं उड्डाण: आधी जलाशय, तिथून सिमेंटचा कारखाना, आणि परत. नकाशा तिच्या मांडीवर, चाक तिच्या हातात. रेडिओ मी घेतला, म्हणजे तिला वाट शोधण्याकडे लक्ष देता येईल.

हवा इतकी शांत होती की विमान चाललं आहे की टांगून ठेवलं आहे ते कळेना. जलाशयावर ढगांच्या सावल्या अगदी सावकाश सरकत होत्या आणि मधोमध एक होडी, तिच्यातला माणूस बहुधा झोपलेला. काठावरच्या शेतांचे चौकोन, एका चौकोनात कुणीतरी पेटवलेल्या पाचोळ्याचा सरळ उभा धूर. मला नेहमी वाटतं की माणसाने महिन्यातून एकदा तरी जमिनीकडे एवढ्या उंचीवरून बघावं, मग तो कुणाशी भांडणार नाही. मी असाच बघत होतो. ठकी मधूनमधून काहीतरी सांगत होती, खालच्या खुणा असाव्यात. मी मान हलवत होतो. मान हलवली की ती समाधानाने पुढे बघायची आणि गुडघ्याला बांधलेल्या पॅडवर काहीतरी लिहायची.

कारखान्यावरून परत वळलो तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. टॉवरला कळवायला मी बटण दाबून बोललो. बोलताना माझाच आवाज माझ्या हेडफोनमध्ये येतो, तो आला नाही. परत बोललो. पुन्हा नाही. गेले महिनाभर रेडिओ मेला, रेडिओ मेला म्हणून मी सगळ्यांचं डोकं खात होतो. आज तो खरंच मेला आणि मला पटायला दोन मिनिटं लागली.

मग समोर नीट पाहिलं. रेडिओचा छोटा पडदा काळा. पेट्रोलचे दोन्ही काटे शून्यावर. मी रेडिओ, दिवे, सगळं एकेक करून बंद केलं, मुख्य खटका खाली केला, वीसपर्यंत मोजलं, पुन्हा वर केला. काही नाही. बॅटरी पूर्ण रिकामी.

अशा वेळी पहिली गोष्ट जी विद्यार्थ्यांना सांगतो ती स्वतःला सांगितली. इंजिन चालू आहे. इंजिनाला बॅटरी लागत नाही, ठिणगी ते स्वतःच्या फिरण्यातून काढतं. वेगाचा आणि उंचीचा काटा हवेवर चालतो, तो चालू आहे. पेट्रोलचे काटे खोटं बोलताहेत. निघून तासाभराच्या थोडं वर झालं होतं आणि टाकीत चार तासांचं होतं. विमान विमानच आहे, फक्त मुकं झालंय.

मी हेडफोन काढला. ठकीनेही काढला. इंजिनाची घरघर एकदम अंगावर आली आणि तिचे ओठ हलत राहिले. मी हाताने खूण केली, लिही. तिने पॅडवर लिहून माझ्यासमोर धरलं.

"हे तुम्ही मुद्दाम केलंय ना?"

मी पेन घेऊन खाली लिहिलं, "नाही. खरं आहे."

ती त्या तीन शब्दांकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, असं की जणू तिला मी कुणीतरी दुसराच दिसलो. मग लिहिलं, "बरं."

पुढची वीस मिनिटं आम्ही असंच बोललो. "मीच चालवू?" "हो." "फ्लॅप?" (उतरताना वेग मोडणाऱ्या, पंखांमागच्या झडपा.) "विजेवर चालतात. खाली येणार नाहीत. लांबून, सपाट ये, वेग थोडा जास्त ठेव." "टॉवरला कसं कळणार?" "मैदानावर वरून एक फेरी. मग त्यांचा दिवा बघ." अक्षर तिचं सुरेख आहे, विमान हलत असतानाही. कित्येक महिन्यांत आमचं इतकं नीट बोलणं झालं नव्हतं. एकही शब्द निसटला नाही.

भीती वाटत होती, नाही असं नाही. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते मी लिहितोच. मला बरं वाटत होतं. आम्ही कुठे आहोत हे जगात कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारत नव्हतं, मला कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं, कान ताणून बसायचं नव्हतं. खाली एका शाळेच्या अंगणात मुलं वर बघून हात हलवत होती. मीही हलवला.

मैदानावर उंचावरून आलो. वाऱ्याची पिशवी पाहिली, फेरीत शिरलो, टॉवरची काच बघत राहिलो. आधी तांबडा दिवा दिसला, न लुकलुकणारा. म्हणजे थांबा, दुसरं कुणी उतरतंय, फिरत राहा. ठकीने पंख डावे-उजवे हलवून समजलं म्हणून कळवलं. आमच्याखालून टपालाचं विमान उतरून गेलं. आणखी एक फेरी. मग काचेत मुठीएवढा हिरवा ठिपका उजळला, आणि तसाच राहिला. उतरा.

ती लांबून आली, सपाट आली. फ्लॅपशिवाय विमान जमिनीवर टेकायलाच तयार नसतं, तरंगत राहतं. मी हात मांडीखाली दाबून ठेवले, कारण ते सारखे चाकाकडे जात होते. अर्धी धावपट्टी गेल्यावर चाकं टेकली, इतक्या हलकेच की मला कंपनावरूनच कळलं. पट्टीच्या अगदी टोकाला विमान थांबलं. अग्निशामक गाडी शेजारून धावत आली होती.

टॉवरच्या बाई स्वतः खाली आल्या होत्या. पहिल्यांदाच त्यांना जवळून पाहिलं. साध्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. त्या मला काहीतरी म्हणाल्या. मी मान हलवली.

ठकी तेवढ्यात विमानामागे जाऊन रडून आली.

बुधवार, ५ मार्च

ऑल्टरनेटरचा पट्टा तुटला होता. पट्टा नवा होता. मेस्त्री म्हणाले, "हे कुणाच्याच हातचं नाही. पण पट्टा तुटल्यावर भरलेली बॅटरी रिकामी व्हायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात सुई डावीकडे पडलेली होती. ती कुणी पाहिली नाही?"

नेमका हाच प्रश्न अशा घटनेनंतर भरायच्या छापील अहवालात आहे. मागे एकदा त्या ओळीत विद्यार्थ्याचं लक्ष नव्हतं असं निघालं तेव्हा त्याला दहा तास जास्तीचं शिक्षण आणि परीक्षा पुढच्या महिन्यात, असा निर्णय झाला होता. ठकीच्या बाबतीत पुढचा महिना म्हणजे टपालाची जागा गेली.

दुपारी ठकीचं निवेदन माझ्या टेबलावर आलं. खाली शिक्षकाची सही लागते. तिने लिहिलं आहे, "सुईकडे माझं लक्ष गेलं नाही."

वाचून वाईट वाटलं. आणि खरं लिहायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. माझंही लक्ष नव्हतं, पण ते विचारणार कोण. पोरगी दहा सेकंदांत सुई पकडणारी, ऐन वेळी कशी चुकली. पेन उघडलं. ताईला काय सांगायचं याचे शब्दसुद्धा मनात जुळवायला लागलो. मग उन्हाचा चष्मा विमानातच राहिल्याचं आठवलं, म्हणून तो आणायला गेलो.

चष्मा मिळाला. तिचा गुडघ्याचा पॅडही तिथेच सीटखाली पडला होता. आमच्या कालच्या बोलण्याचा कागद वर होता, तो मी उलटला. त्याच्याखाली उड्डाणाच्या नोंदी. तिच्या सुरेख अक्षरात.

९.२२ अ‍ॅमीटर सुई डावीकडे. सांगितलं. सरांनी मान हलवली.

९.३१ सुई अजून डावीकडे. परत सांगितलं. मान.

९.४० रेडिओचा दिवा मंद. तिसऱ्यांदा सांगितलं. मान. (अजून किती वेळ चालवणार ही परीक्षा?)

मी ते चार-पाच वेळा वाचलं. विमानात बसूनच. बाहेर मेस्त्री हातोडीने काहीतरी ठोकत होते, हात वर जाताना दिसत होता, खाली येताना दिसत होता.

ठकी पाण्याच्या टाकीशी बसली होती. मी पॅड तिच्या मांडीवर ठेवला. तिचा चेहरा उतरला.

"हे खरं आहे?" मी विचारलं.

"मामा, तुम्ही सही करा."

"तू तीनदा सांगितलंस."

"मला वाटलं तुम्हीच बंद केलंय. मान हलवलीत, म्हटलं झालं, कळवलं आपण." ती उठून माझ्या अगदी समोर आली. प्रत्येक शब्द सावकाश म्हणाली. "तुमचा हेडफोन नवा आहे. मेस्त्रींनी रेडिओ तपासलेत. मामी म्हणते, दार वाजलेलं तुम्हाला कळत नाही. माझी परीक्षा परत होईल. तुमचं उडणं गेलं तर तुम्ही काय कराल?"

मी म्हटलं, "आवाज बारीक आहे तुझा." आणि निघून आलो. असं बोलायला नको होतं.

गुरुवार, ६ मार्च

सही केली नाही अजून. कागद घरी आणला आहे.

कामाला गेलो नाही. हिला म्हटलं, माझ्या पाठीमागे उभी राहा आणि मनात येतील ते आकडे म्हण. सत्तावीस, एकोणसाठ आणि चौऱ्याऐंशी सोडून. ती म्हणाली, कशाला. मी म्हटलं, म्हण.

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीवर जिथे पूर्वी आरसा होता तिथला रंग थोडा गडद आहे, तो बघत राहिलो. वाटलं ही रुसली, म्हणत नाहीये. बराच वेळ वाट पाहिली. मग वळलो. तिचे ओठ हलत होते. ती म्हणतच होती.

मी खाली बसलो. तिने नेहमीसारखा कोपराला हात लावला, मी वर बघेपर्यंत थांबली. "अडीच वर्षं झाली," ती म्हणाली. "सांगून बघितलं. तुम्ही म्हणायचात, तू पुटपुटतेस."

"मला वाटलं लाड करतेस माझे."

"मग काय होतं ते?"

तिने वाटाणे सोलायला घेतले, मीही घेतले. तीस वर्षं मी आभाळात होतो असं मला वाटत होतं. गेली अडीच वर्षं तर मी नुसता बसलो होतो आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी मिळून मला वर धरून ठेवलं होतं. मला फार लाज वाटली. आणि त्याहून जास्त या गोष्टीची की परवा माझ्यामुळे त्या पोरीचा जीव गेला असता.

लायसन्स नसलेला मी कसा असेन याचा विचार करून पाहिला. दिसत नाही मला तो माणूस. सकाळी साडेसहाला उठून तो काय करतो?

दुपारी ठकीचं निवेदन फाडलं. नवा कागद घेतला. चार वेळा लिहिला, पहिल्या तिन्हींत 'इंजिनाच्या आवाजामुळे' असे शब्द येत राहिले.

शुक्रवार, ७ मार्च

साहेबांच्या खोलीत दहाला गेलो. साहेब आमच्या शाळेचे प्रमुख, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पहिला धडा त्यांनी माझ्याकडेच घेतला होता, पण ते दोघांपैकी कुणी बोलून दाखवत नाही. मी कागद पुढे ठेवला.

"विद्यार्थिनीने ९.२२, ९.३१ व ९.४० वाजता सुई डावीकडे असल्याचे सांगितले. मला ऐकू आले नाही. ऐकू आल्यासारखी मी मान हलवली. माझ्या शिकवण्याच्या पद्धतीमुळे तिने त्याचा अर्थ 'माहीत आहे' असा घेतला, तो बरोबरच होता. त्यानंतरचे सर्व उड्डाण व फ्लॅपशिवायचे उतरणे तिने स्वतः केले. दोष तिचा नाही. माझ्या कानांची नीट तपासणी होईपर्यंत मला उड्डाणाचे काम देऊ नये." सोबत तिच्या पॅडचा कागद जोडला होता.

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. मान खाली घालूनच, कागदाकडे बघत, ते काहीतरी बोलले. बरंच बोलले. गेली दोन वर्षं ते असे बोलले की मी होकार देऊन बाहेर पडायचो आणि मग कारकुनाला आडून-आडून विचारून काय ठरलं ते काढून घ्यायचो.

"साहेब," मी म्हणालो, "मला ऐकू आलं नाही. परत सांगा."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो असेन. त्यांनी मान वर केली. खुर्ची टेबलाच्या कडेने ओढून माझ्या समोर आणली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.

"म्हटलं, पोरीची परीक्षा मंगळवारीच होईल. परीक्षक तिच्याबरोबर वर असतील. खाली पट्टीजवळ तिचं कुणीतरी असावं. तुम्ही थांबाल का?"

"थांबेन."

मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी समजलो. आतल्या खिशातून लायसन्स काढलं, त्याचे कोपरे गोल झालेत, आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते न बघता टेबलावर ठेवलं आणि हात मिळवायला तोच हात पुन्हा पुढे केला.